जनरल ग्रँट : सरपण विकणारा सेनापती



आपल्या मॉरिशस बेटावर फेब्रुवारीची १ तारीख गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून पाळली जाते आणि नोव्हेंबरची २ तारीख करारबद्ध मजूर या किनाऱ्यावर उतरल्याची आठवण म्हणून. १८३५ साली इथल्या गुलामांच्या बेड्या तुटल्या, त्या लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या कायद्याने. मळेवाल्या मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. गुलामांच्या हाती मात्र दमडीही पडली नाही. पुढे उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून माणसे आणली गेली आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची आपली माणसेही होती.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्याने सुटला नाही. तिथे १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे एकाच देशाची माणसे एकमेकांवर तोफा डागत राहिली. सव्वासहा लाखांच्या आसपास माणसे मेली असे पूर्वी मानत असत. अलीकडचे अभ्यासक हा आकडा सात लाखांच्याही वर नेतात. त्या युद्धाचे नाव निघाले की अब्राहम लिंकन आपल्याला लगेच आठवतात. परंतु लिंकन यांचा शब्द रणांगणावर खरा करून दाखविला तो युलिसिस ग्रँट या अबोल सेनापतीने. त्यांचे चरित्र आज थोडक्यात पाहू.

चांभारकामाचा कंटाळा, घोड्यांचे वेड

युलिसिसचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या लहानशा गावी झाला. वडील जेसी ग्रँट यांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. त्या कारखान्यातला वास आणि रक्त मुलाला मुळीच सहन होत नसे. त्याचा जीव रमे घोड्यांत. कितीही अडेल घोडा असो, तो या मुलापुढे गरीब होई. ओहायो राज्यात गुलाम ठेवण्यास बंदी होती आणि वडील तर गुलामगिरीच्या कडक विरोधात होते.

१८३९ साली वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात धाडले. त्याचे खरे नाव हायरम युलिसिस. पण शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीने नाव चुकून युलिसिस एस. ग्रँट असे लिहिले आणि तेच त्याला जन्मभर चिकटले. १८४३ साली तो ३९ जणांत एकविसावा आला. म्हणजे ना हुशार, ना मठ्ठ. हा मुलगा पुढे काही करील असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

१८४६ ते १८४८ या काळात ग्रँट मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात लढले. ते युद्ध अन्यायाचे होते असे त्यांचे पुढे मत झाले. युद्ध संपताच त्यांनी सेंट लुईजवळच्या डेंट घराण्यातील जुलिया हिच्याशी लग्न केले. डेंट यांच्या शेतावर गुलाम राबत होते. त्यामुळे ग्रँट यांचे आईवडील लग्नाला आलेच नाहीत. पुढे देश ज्या प्रश्नावरून दुभंगला, त्याची भेग अशी या घरात आधीच पडली होती.

वाईट दिवस

लष्करातील नोकरीने त्यांना बायकामुलांपासून दूर पश्चिम किनाऱ्यावर नेले. तिथल्या एकटेपणात दारू जवळची झाली असे लोक बोलू लागले. १८५४ साली त्यांनी नोकरी सोडली. नंतरची सात वर्षे म्हणजे अपयशाची माळच होती. सासऱ्याच्या जमिनीवर शेती केली, ती पिकली नाही. स्वतः लाकडे तोडून, गाडीत भरून ते सेंट लुईच्या रस्त्यांवर सरपण विकू लागले. १८५७ च्या नाताळात त्यांनी आपले सोन्याचे घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकले.

याच काळात विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम सासऱ्याकडून ग्रँट यांच्या मालकीत आला होता. अंगापिंडाने धडधाकट असा गुलाम बाजारात उभा केला असता तर शेकडो डॉलर हाती आले असते आणि घरची ओढाताण तरी थांबली असती. परंतु मार्च १८५९ मध्ये ग्रँट कोर्टात गेले आणि कागद करून त्यांनी जोन्स यांना मोकळे केले. एक पैसाही घेतला नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रँट त्या वेळी गुलामगिरीविरोधी चळवळीत नव्हते, आणि त्यांच्या पत्नीच्या सेवेला माहेरचे गुलाम होतेच. ते काही जन्मापासूनचे सुधारक नव्हते. त्यांना घडविले ते पुढील युद्धाने. १८६० साली सगळे उपाय थकल्यावर ते इलिनॉय राज्यातील गलीना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली कामाला लागले. वय ३८. पदरी चार मुले.

युद्धाला तोंड फुटले

त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सुमारे ४० लाख गुलाम होते. कापूस, तंबाखू, ऊस, सगळे त्यांच्या घामावर पिकत होते. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही हा त्यांचा निश्चय होता. तेवढ्यानेच दक्षिणेचे मळेवाले बिथरले आणि एकेक राज्य फुटून निघू लागले. अखेर ११ राज्यांनी वेगळी चूल मांडली. १२ एप्रिल १८६१ रोजी त्यांनी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध पेटले.

लढाईचे शिक्षण घेतलेल्या माणसांची एकाएकी गरज पडली. दुकानातले ग्रँट एका बेशिस्त पलटणीचे कर्नल झाले. आरडाओरडा न करता त्यांनी ती सरळ केली आणि थोड्याच दिवसांत ते ब्रिगेडियर जनरल झाले.

फेब्रुवारी १८६२ मध्ये त्यांनी टेनेसी राज्यातले फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दोन किल्ले घेतले. डोनेल्सनच्या सेनापतीने तहाच्या अटी विचारल्या तेव्हा ग्रँट यांनी बिनशर्त शरणागतीखेरीज दुसरी अट मान्य केली नाही. बारा हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. योगायोग असा, की शरण आलेला सेनापती बकनर हा त्यांचा जुना मित्र होता. १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रँट पैशावाचून अडकले असताना त्यानेच त्यांना मदत केली होती. उत्तरेला मिळालेला हा पहिला मोठा विजय होता.

पण युद्ध म्हणजे काय, हे त्यांना कळले ते ६ आणि ७ एप्रिल १८६२ रोजी शायलो येथे. पहाटे दक्षिणेची फौज त्यांच्या छावणीवर तुटून पडली. ग्रँट बेसावध सापडले होते. सैन्य नदीपर्यंत मागे रेटले गेले. त्या रात्री पाऊस कोसळत होता. ग्रँट एका झाडाखाली बसून होते, पण माघारीचा विचार त्यांनी केला नाही. रात्रीत बुएल यांची कुमक आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गेलेले मैदान परत मिळविले. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे २३,००० हून अधिक लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. ग्रँट यांना काढून टाका म्हणून ओरड झाली. लिंकन यांनी ऐकले नाही. लढणारा माणूस त्यांना गमवायचा नव्हता.

गुलाम सैनिक होतात

१७ सप्टेंबर १८६२ रोजी पूर्वेकडे अँटिटम येथे मोठी लढाई झाली आणि दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांना मागे फिरावे लागले. ती संधी साधून लिंकन यांनी जाहीरनामा काढला आणि १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर प्रदेशांतील गुलाम स्वतंत्र ठरविले. आता हे युद्ध केवळ देश एकत्र ठेवण्याचे राहिले नाही.

जाहीरनाम्याची वाट न पाहताच हजारो गुलाम मळे सोडून ग्रँट यांच्या छावणीकडे येऊ लागले होते. अंगावर चिंध्या, कडेवर पोरे. त्यांना परत पाठवायचे नव्हते, पण खायला काय घालायचे? ग्रँट यांनी नोव्हेंबर १८६२ मध्ये जॉन ईटन या पाद्र्याकडे हे काम सोपविले. शेतातला उभा कापूस त्यांच्याकडून वेचून घेऊन मजुरी द्यायची, निवारा आणि औषधपाणी करायचे अशी व्यवस्था लागली. पुढे काळ्या सैनिकांच्या पलटणी उभ्या राहिल्या तेव्हा ग्रँट यांनी त्यांना मनापासून पाठिंबा दिला. ७ जून १८६३ रोजी मिलिकन्स बेंड येथे नुकतीच बंदूक हाती घेतलेल्या या माणसांनी दक्षिणेचा हल्ला परतविला. युद्धाच्या अखेरपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले.

याच काळातला एक डागही लपविता येत नाही. कापसाच्या चोरट्या व्यापाराने चिडून ग्रँट यांनी डिसेंबर १८६२ मध्ये आपल्या लष्करी विभागातून यहुदी लोकांना सरसकट हाकलण्याचा हुकूम काढला. लिंकन यांनी तो लगोलग रद्द करविला. त्या हुकमाची लाज ग्रँट यांना पुढे वाटत राहिली.

व्हिक्सबर्ग

मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यावर व्हिक्सबर्ग शहर होते. त्याच्या तोफा होत्या तोवर नदी दक्षिणेची. हिवाळाभर ग्रँट यांनी कालवे खणून पाहिले, दलदलीतून वाटा काढून पाहिल्या. सगळे फुकट गेले. मग त्यांनी धाडस केले. सैन्य पश्चिम तीराने चिखलातून दक्षिणेकडे नेले. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री पोर्टर यांची जहाजे तोफांच्या माऱ्याखालून खाली उतरली. ३० एप्रिलला सैन्य नदी ओलांडून पलीकडे गेले. मागची रसद जवळजवळ तुटलेली, पुढे शत्रूच्या दोन फौजा. तीन आठवड्यांच्या आत त्यांनी पाच लढाया जिंकल्या आणि शहराला वेढा घातला.

वेढा ४७ दिवस चालला. शहरातले लोक टेकडीत गुहा खणून राहू लागले. खेचरांचे मांस खाण्याची पाळी आली. अखेर ४ जुलै रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सुमारे २९,००० सैनिकांसह शहर शरण आले. आदल्याच दिवशी गेटिसबर्गच्या तीन दिवसांच्या रणसंग्रामात जनरल मीड यांनी ली यांना हरविले होते. त्या एका लढाईत दोन्ही बाजूंचे ५०,००० च्या आसपास लोक कामी आले, जखमी झाले किंवा हरवले. या दोन विजयांनी युद्धाचे पारडे फिरले. नोव्हेंबरमध्ये ग्रँट यांनी चॅटनूगा येथेही दक्षिणेची फळी फोडली. मार्च १८६४ मध्ये लिंकन यांनी त्यांना सर्व सैन्यांचे सरसेनापती केले. चार वर्षांपूर्वी हा माणूस चामडे विकत होता!

ली यांच्याशी गाठ

मे १८६४ मध्ये ग्रँट ली यांच्यावर चालून गेले. विल्डरनेस नावाच्या दाट रानात पहिली गाठ पडली. रानाला आग लागली आणि जखमी सैनिक जागच्या जागी जळाले. आधीचे सेनापती अशा लढाईनंतर माघारी फिरत. ग्रँट यांनी सैन्याची तोंडे दक्षिणेकडेच ठेवली. स्पॉट्सिल्व्हेनियाला पुन्हा तेच झाले. ३ जून रोजी कोल्ड हार्बर येथे खंदकांवर केलेल्या हल्ल्यात त्यांची हजारो माणसे पडली, हाती काहीच लागले नाही. त्या हल्ल्याचा पश्चात्ताप त्यांना मरेपर्यंत राहिला. वर्तमानपत्रे त्यांना खाटीक म्हणू लागली. पण ते मागे हटले नाहीत. पीटर्सबर्ग शहराला त्यांनी नऊ महिन्यांहून अधिक काळ जखडून ठेवले. तिकडे त्यांचे मित्र शर्मन यांनी सप्टेंबरमध्ये अटलांटा घेतले, आणि त्या बळावर नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आले.

ऑक्टोबर १८६४ मध्ये ली यांनी युद्धकैद्यांची अदलाबदल करू म्हणून विचारणा केली. काळे सैनिकही गोऱ्यांप्रमाणेच परत देणार काय, असा ग्रँट यांचा प्रश्न होता. पूर्वी गुलाम असलेल्यांना देणार नाही, असे उत्तर आले. ग्रँट यांनी अदलाबदल नाकारली. दक्षिणेला माणसांची टंचाई होती, तेव्हा यात लष्करी डावही होता, हे खरे. या नकाराची किंमतही भयंकर होती. उत्तरेचे गोरे कैदी दक्षिणेच्या तुरुंगांत उपासमारीने आणि रोगाने मरत होते. एकट्या अँडरसनव्हिल येथे १३,००० च्या सुमारास मेले. तरीही, ज्याने देशाचा गणवेश घातला तो देशाचा सैनिक, मग त्याचा रंग कोणताही असो, हे तत्त्व ग्रँट यांनी सोडले नाही.

एप्रिल १८६५ च्या सुरुवातीस पीटर्सबर्ग आणि राजधानी रिचमंड पडली. ९ एप्रिल रोजी ॲपोमॅटॉक्स गावातल्या एका घरात ली शरण आले. ली ठेवणीतल्या कडक पोशाखात होते, तर ग्रँट यांच्या अंगावर साधा, चिखलाने माखलेला कोट होता. डोनेल्सनच्या वेळी कडक असलेल्या ग्रँट यांनी या वेळी अटी मात्र उदार ठेवल्या. शस्त्रे खाली ठेवून सर्वांनी घरी जावे. पेरणीचे दिवस होते, म्हणून ज्यांचे घोडे-खेचर स्वतःचे असतील त्यांनी ते घेऊन जावे. उपाशी सैनिकांसाठी २५,००० जणांचा शिधा पाठविला. विजयाच्या तोफा त्यांनी बंद करविल्या. पराभूताला अपमानाची जोड द्यायची नाही, हा त्यांचा धर्म होता.

पाचच दिवसांनी लिंकन यांच्यावर नाटकगृहात गोळी झाडण्यात आली. ग्रँट यांनाही तिथे येण्याचे निमंत्रण होते, पण ते गेले नव्हते. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन साऱ्या अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने संपली.

सुंभ जळला, पीळ राहिला

युद्ध संपले, पण मालकांची वृत्ती संपली नाही. मुक्त झालेल्यांनी मत देऊ नये, शाळेत जाऊ नये, स्वतःची जमीन घेऊ नये म्हणून कू क्लक्स क्लान नावाची टोळी रात्री तोंडे झाकून खून-जाळपोळ करू लागली. १८६८ साली ग्रँट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही अशी घटनादुरुस्ती झाली. १८७१ मध्ये त्यांनी क्लानविरुद्ध कायदा करविला, साउथ कॅरोलायनात सैन्य धाडले, शेकडोंना पकडले. ती टोळी तेव्हापुरती मोडली.

पण राज्यकारभारात त्यांची माणसांची पारख चुकली. हाताखालच्यांनी लाच खाल्ली आणि बदनामी त्यांची झाली. १८७३ मध्ये मोठी मंदी आली. उत्तरेचे लोकही या भांडणाला कंटाळले. १८७७ मध्ये ग्रँट पायउतार झाले आणि त्याच वर्षी दक्षिणेतल्या काळ्यांच्या पाठीशी उभे असलेले सरकारी सैन्यही बाजूला झाले. कागदावरचा मताधिकार प्रत्यक्षात मिळण्यासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांना १९६५ पर्यंत झगडावे लागले.

मुंबईशी नाते

या युद्धाचा धक्का थेट मुंबईला बसला होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव कडाडले. ज्या बंदरातून आपले पूर्वज जहाजांत चढले, त्याच बंदरात पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी शेअरबाजाराचे राजे बनले. ली शरण आल्याची बातमी येताच भाव कोसळले आणि १८६५ मध्ये मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

दुसरे नाते याहून मोलाचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या, सदाचारी लोकांना अर्पण केले. तेव्हा त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष ग्रँटच होते. पुढे जगप्रवासाला निघालेले ग्रँट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईस उतरले आणि मलबार पॉइंट येथील सरकारी बंगल्यात राहिले.

अखेरची लढाई

१८८४ साली एका लबाड भागीदाराने त्यांची सारी पुंजी बुडविली. त्याच वर्षी घशाचा कर्करोग झाल्याचे कळले. आपल्यामागे जुलियाचे काय होणार, या काळजीने या अबोल माणसाने लेखणी उचलली. गिळवेना, बोलवेना, तरी अंगावर शाल घेऊन ते आठवणी लिहीत राहिले. लेखक मार्क ट्वेन यांनी ते पुस्तक काढण्याचे ठरविले. लिखाण पुरे झाले आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, ग्रँट यांनी देह ठेवला. पुस्तक प्रचंड खपले आणि जुलियाबाईंना त्यातून चार लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली.

बंधु-भगिनींनो, ग्रँट देवमाणूस नव्हते. चुकले, हरले, कर्जात बुडाले. पण संकटात पाठ फिरविणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या चरित्रातून आपल्यासारख्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. बेडी तोडणे हे अर्धेच काम असते. मोकळ्या झालेल्या माणसाच्या हाती मत, शाळा आणि जमीन येईपर्यंत उरलेले अर्धे बाकीच राहते. आपल्या आजे-पणज्यांनी उसाच्या मळ्यांतून इथवर येताना हे उरलेले अर्धे काम स्वतःच्या हातांनी केले. म्हणून अमेरिकेतल्या त्या मुक्त गुलामांचे दुःख आपल्या घरातल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर समजेल. त्यांना ही हकिगत जरूर सांगावी.